घरातला कोळी : ओळख आणि पारख

(हीरक महोत्सवी वर्षातील पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावरून शाळेच्या वाटचालीविषयी बोलावे, मराठी माध्यमाच्या भवितव्याची चिंता वाहावी, असा प्रघात आहे. त्या विषयांवर या वर्षभरात अधिकारी वक्ते बोलले आहेत. मला आज आपल्या घरांत आणि शाळेत राहणाऱ्या एका लहानशा प्राण्याविषयी बोलायचे आहे. तो प्राणी म्हणजे कोळी. अनोळखी कोळी दिसला तर तो कोणता, त्याच्यापासून धोका किती आणि आपण करायचे काय, एवढाच माझा विषय. विषय लहान वाटला तरी त्यात चूक झाली तर एखाद्या मुलाच्या जिवावर बेतू शकते. ते कसे, हे मी पुढे सांगणार आहे.

माझा अभ्यासविषय भाषा असल्यामुळे प्रथम नावाकडे वळते. मराठीत आपण या प्राण्याला कोळी म्हणतो, म्हणजे पाण्यात जाळे टाकून मासे धरणाऱ्याचे नाव त्याला देतो. ज्या तेलुगू मुलुखात आपली शाळा साठ वर्षे उभी आहे, तेथे त्याला ‘सालेपुरुगु’ म्हणतात. साले म्हणजे विणकर, आपल्याकडचा साळी. पुरुगु म्हणजे किडा. एका भाषेच्या नजरेत त्याची शिकार भरली, दुसरीच्या नजरेत त्याचे विणकाम. संस्कृताने त्याला ऊर्णनाभ म्हटले, आणि मुंडकोपनिषदात अक्षर ब्रह्मापासून विश्व कसे प्रकटते हे सांगताना, स्वतःतून धागा काढून तो पुन्हा स्वतःत घेणाऱ्या याच प्राण्याचा दृष्टान्त दिला. श्रीकालहस्तीला आपल्यापैकी अनेक जण जाऊन आले असतील. त्या क्षेत्राच्या नावातील ‘श्री’ म्हणजे कोळी, ‘काल’ म्हणजे सर्प आणि ‘हस्ती’ म्हणजे हत्ती, अशी तेथील स्थलपुराणाची धारणा आहे. तिघांनी शंकराची आराधना केली आणि तिघांना मुक्ती मिळाली.

भीतीही तितकीच जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात कोळ्याला ‘लूता’ म्हटले आहे. वसिष्ठ ऋषी विश्वामित्रावर कोपले, त्यांच्या कपाळावरचा घाम कापलेल्या गवतावर पडला आणि त्यातून लूता जन्मल्या, अशी कथा तेथे येते. लूतांचे सोळा प्रकार सांगून त्यांपैकी आठांचे विष कष्टसाध्य आणि आठांचे असाध्य मानले आहे. हे विष दाढेतूनच नव्हे, तर लाळ, नखे, मूत्र यांतूनही पसरते असे म्हटले आहे. अंगावर एकाएकी पुरळ उठले की ‘कोळी मुतला असेल’ असे आपल्या घरातली वडीलधारी माणसे आजही म्हणतात. त्या समजुतीचे मूळ किती खोल गेले आहे, हे यावरून ध्यानात येईल.

आता आजचे ज्ञान काय सांगते ते पाहू. जगात कोळ्यांच्या पन्नास हजारांहून अधिक जातींची शास्त्रीय नोंद झाली आहे. भारतात त्यांपैकी १९०० हून अधिक आढळतात. पोकॉक या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने १९०० साली भारतातील कोळी-विंचवांवरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, पुढे डॉ. बी. के. टिकादर यांनी भारतीय कोळ्यांवर विपुल काम केले आणि त्यांचे हस्तपुस्तक १९८७ साली भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने काढले. जवळजवळ सर्व कोळ्यांजवळ विष असते, हे खरे. पण ते विष माशी, डास, झुरळ यांना लुळे करण्यासाठी असते. बहुसंख्य कोळ्यांच्या दाढा माणसाच्या कातडीत शिरूही शकत नाहीत. माणसाला खरोखर अपाय करू शकतील अशा जाती जगात मोजक्या आहेत, आणि त्यांतल्या सर्वांत भयंकर समजल्या जाणाऱ्या जाती ऑस्ट्रेलिया व ब्राझील येथील आहेत. आपल्याकडे त्या नाहीत. मोबाइलवर फिरणाऱ्या भीतिदायक चित्रांतले कोळी बहुधा त्या देशांतले असतात.

अनोळखी प्राणी भिंतीवर दिसला की स्वतःला तीन प्रश्न विचारावेत, असे मी मुलांना सांगते.

पहिला प्रश्न : हा खरोखर कोळी आहे का? पाय मोजावेत. कोळ्याला चालण्याचे आठ पाय असतात. तोंडाजवळ दोन आखूड अवयव असतात, ते पायांत धरू नयेत. शरीराचे भाग दोनच, मध्ये बारीक कंबर. पंख नाहीत, मिशांसारखे स्पर्शतंतू नाहीत. पाय सहा भरले तर तो कीटक होय. आठ पाय असून नांग्या आणि डंखाची शेपटी असली तर तो विंचू.

दुसरा प्रश्न : जाळे आहे का, असल्यास कसले आणि कुठे? कोळ्याच्या अंगावरच्या रंगांपेक्षा त्याचे घर त्याची ओळख अधिक खात्रीने पटवते. छताच्या कोपऱ्यात विस्कटलेले जळमट, बागेत चक्राकार जाळे, भिंतीवर नखाएवढा पांढरा ठिपका, झाडाच्या ढोलीत रेशमी अस्तर, किंवा मुळीच जाळे नाही. या प्रत्येक खुणेचा मालक वेगळा असतो.

तिसरा प्रश्न : त्याचे वागणे कसे आहे आणि अंड्यांची पिशवी दिसते का? कोण उडी मारतो, कोण धावत सुटतो, कोण जाळ्यात उलटा लोंबकळतो, अंडी कोण तोंडात धरतो आणि कोण पोटाखाली. एवढे नीट पाहिले की निम्मी ओळख पटली.

आता आपल्या घरातल्या नेहमीच्या मंडळींची ओळख करून देते. छताच्या कोपऱ्यात, जिन्याखाली, न्हाणीघरात लांब काटकुळ्या पायांचा, पिकट रंगाचा कोळी उलटा लोंबकळत असतो. त्याच्या जाळ्याला फुंकर मारली तर तो अंग इतक्या जोराने हलवतो की डोळ्यांना धूसर दिसू लागतो. मादी अंड्यांचा पुंजका तोंडात धरून बसते. दिवाळीत आपण लांब काठीच्या झाडूने जी जळमटे काढतो ती बहुतांशी याचीच. हा डास खातो, दुसरे कोळीही खातो, आणि माणसाला अगदी निरुपद्रवी आहे.

दुसरा, ज्याला पाहून किंकाळी फुटते तो. तळहाताएवढा पसरलेला, चपटा, तपकिरी, रात्री स्वयंपाकघराच्या भिंतीवर स्तब्ध बसलेला आणि दिवा लावताच तिरका धावत कपाटामागे जाणारा. इंग्रजीत याला हंट्समन, म्हणजे पारधी, म्हणतात. हा जाळे विणत नाही. डोळ्यांच्या खाली आडवी फिकट पट्टी ही त्याची खूण, आणि मादी रुपयाच्या नाण्यासारखी चपटी पांढरी अंड्यांची पिशवी पोटाखाली घेऊन हिंडते. याचे मुख्य अन्न झुरळ. मुठीत पकडला किंवा अंडी सांभाळणाऱ्या मादीला डिवचले तर हा चावू शकतो. दुखते, सूज येते, आणि एक-दोन दिवसांत उतरते. ज्या घरात हा मोठा कोळी वारंवार दिसतो त्या घरातील गृहिणीने त्याला मारण्याआधी मोरीची जाळी आणि ओट्याखालचे खण पाहावेत. तेथे झुरळे झाली आहेत, असेच तो सांगत असतो.

तिसरा, खिडकीच्या चौकटीवर उन्हात फिरणारा बोटाच्या पेराहून लहान कोळी. समोर दोन मोठे डोळे. आपण बोट पुढे केले की अंग वळवून आपल्याकडे पाहतो. नराच्या अंगावर काळे-पांढरे पट्टे असतात. हा उडी मारून माशी धरतो. लहान मुलांनी कोळ्याची ओळख करून घ्यायची तर याच्यापासून सुरुवात करावी, इतका तो निर्धोक आणि पाहण्याजोगा आहे. भिंतीवर टिकलीएवढे चपटे पांढरे जाळे दिसते, त्याखाली मुंग्या धरणारा इवलासा कोळी राहतो. पुस्तकांच्या कपाटात कधी कधी घुमटासारख्या पाठीचा, संथ चालणारा कोळी सापडतो. तो भक्ष्यावर चिकट द्रव थुंकून त्याला जागच्या जागी खिळवतो. त्याच्या थुंकण्याने माणसाला काही होत नाही.

अंगणात आलात तर आंब्याच्या किंवा कडुनिंबाच्या खोडावर सालीशी एकरूप झालेला, मागे दोन लांब शेपट्यांसारखे अवयव असलेला कोळी दिसेल. कुंपणाच्या झुडपात मोठ्या चक्राकार जाळ्याच्या मध्यावर चारी दिशांना दोन-दोन पाय जोडून बसलेला आणि जाळ्यावर नागमोडी पांढरी नक्षी काढणारा कोळी दिसेल. त्या नक्षीवरून इंग्रजीत त्याला सही करणारा कोळी म्हणतात. रात्री मैदानावर विजेरी कपाळाशी धरून गवतावर प्रकाश टाकला तर हिरवट ठिणग्या चमकतात. ते लांडगा-कोळ्यांचे डोळे. त्यांच्यातील माता पिलांना पाठीवर घेऊन हिंडते. दख्खनच्या माळावर काटेरी झुडपांवर मळक्या फडक्यांसारखी मोठी जाळी दिसतात. त्यांत शेकडो कोळी एकत्र कुटुंबासारखे राहतात, एकत्र शिकार करतात, आणि माता शेवटी आपले शरीरच पिलांना अन्न म्हणून देते. यांपैकी कोणापासूनही आपल्याला भय नाही.

मग भय कोणापासून? तेही स्पष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. पहिली ‘विडो’ कुळातील जात. या कोळ्याचे पोट वाटाण्यासारखे गोल, रंग तपकिरी किंवा काळा, आणि पोटाच्या खालच्या बाजूला वाळूच्या घड्याळाच्या आकाराची केशरी-लाल खूण. कुंड्यांच्या कडेखाली, बागेतल्या खुर्च्यांच्या तळाशी, न वापरलेल्या सायकलींत त्याचे वेडेवाकडे पण चिवट जाळे असते. तपकिरी विडोच्या अंड्यांची पिशवी लहान गोलाकार असून तिच्यावर काट्यांसारखे उंचवटे असतात. ती खूण सहसा चुकत नाही. भारतात या कुळाच्या नोंदी आहेत. याच्या चाव्याने वेदना पसरत जाते, स्नायूंत गोळे येतात, घाम सुटतो. मृत्यू अतिशय विरळा. पण लहान मूल किंवा वृद्ध असल्यास रुग्णालयात न्यावेच. दुसरी जात ‘रेक्लूज’. आपल्याकडे तिच्या नोंदी मोजक्याच आहेत. तिला आठांऐवजी सहा डोळे असतात, तेही दोन-दोनच्या तीन जोड्यांत. चावा आधी जाणवत नाही. काही वेळा पुढे तेथली कातडी मरते. तिसरे झाडांच्या ढोलीतले केसाळ, मोठे कोळी. त्यांचा चावा फार दुखतो, स्नायूंत पेटके येतात. परंतु हे घरात क्वचितच येतात.

या केसाळ कोळ्यांतील एकाची कथा आपल्या शेजारच्या आंध्र प्रदेशातली आहे. गुत्ती या रेल्वे जंक्शनच्या गावी गर्द निळ्या रंगाचा एक कोळी सापडला आणि १८९९ साली पोकॉकने त्याचे वर्णन केले. त्यानंतर शंभर वर्षे तो कोणा अभ्यासकाला दिसला नाही. २००१ साली नंद्याल आणि गिद्दलूर यांच्यामधील जंगलात तो पुन्हा सापडला. जंगलतोडीमुळे आणि हौशी लोकांच्या बाजारासाठी होणाऱ्या चोरीमुळे आज तो नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे. ज्या कोळ्याला माणसाने भ्यावे असे वाटते, त्यालाच माणसाचे भय अधिक आहे.

आता गेल्या पावसाळ्यातील प्रसंग सांगते. पालकांना तो ठाऊक आहे, माजी विद्यार्थ्यांना नसेल. सायंकाळच्या अभ्यासिकेला बसणाऱ्या काही मुलांच्या मानेवर आणि गालावर लाल चट्टे उठले, त्यांवर बारीक फोड आले, आग होऊ लागली. जुन्या इमारतीत विषारी कोळी झाले आहेत, असा निरोप दोन दिवसांत सर्वत्र पोचला. सर्व वर्गांत कीटकनाशक फवारावे अशी मागणी झाली. एका पालकांनी मला सरळ विचारले, “बाई, उद्या एखाद्या मुलाला काही झाले तर जबाबदारी कोणाची?” प्रश्न रास्त होता. जबाबदारी माझीच, असे मी त्यांना सांगितले. आणि जबाबदारी माझी असल्यामुळेच, कशावर उपाय करायचा ते आधी कळले पाहिजे, असेही सांगितले.

दोन गोष्टी केल्या. मुलांना त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवले, आणि प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या आपल्याच एका माजी विद्यार्थिनीला बोलावले. तिने आठवीच्या मुलांना बरोबर घेऊन दोन संध्याकाळी विजेरीच्या उजेडात सारी इमारत पाहिली. मघाशी वर्णन केलेले घरगुती कोळी सापडले. लाल खुणेचा एकही सापडला नाही. ट्यूबलाइटखालच्या बाकांवर मात्र मुंगीएवढे, काळ्या-केशरी पट्ट्यांचे किडे सापडले. डॉक्टरांचेही निदान तेच होते. हा पेडेरस नावाचा भुंगेऱ्यांच्या जातीचा कीटक. तो चावत नाही, डंख मारत नाही. पावसाळ्यात उजेडाकडे येतो, मानेवर बसतो, आपण नकळत त्याला चिरडतो, आणि त्याच्या अंगातले पेडेरिन नावाचे द्रव्य कातडीवर पसरते. चट्टा एक-दोन दिवसांनी उठतो, म्हणून कारण ध्यानात येत नाही; चिरडताना बोट जसे फिरते तसा तो लांबट रेघेसारखा उठतो. कोपराच्या एका बाजूला लागले तर घडीच्या दुसऱ्या बाजूला त्याचा ठसा उमटतो. ‘कोळी मुतला’ म्हणून ज्याला आपण दोष देत आलो, त्यांतली बरीच दुखणी या किड्याची असतात, आणि काही तर नागीण या विषाणूच्या रोगाची. उपाय साधा होता. अंगावर बसलेला किडा न चिरडता फुंकरीने उडवणे, चुकून चिरडला तर जागा साबण-पाण्याने लगेच धुणे, दिवे खिडकीपासून आत घेणे, खिडक्यांना बारीक जाळी, आणि भिंतीलगतचे गवत कापणे. त्यानंतर अभ्यासिकेतून नवी तक्रार आली नाही.

या प्रसंगाने एक गोष्ट मनावर ठसली. ‘कोळी चावला’ हे आपण पुष्कळदा पुराव्यावाचून लावलेले निदान असते. चावताना कोळी कोणी पाहिलेला नसतो. सकाळी उठल्यावर खूण दिसते, एवढेच. त्या खुणेमागे अनेक कारणे दडलेली असू शकतात. साधे गळू असू शकते. मूल तापाने फणफणले असून काखेत किंवा जांघेत सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली असली, तर तो स्क्रब टायफस असू शकतो. हा रोग गवतातल्या सूक्ष्म किड्यांच्या पिल्लांमुळे होतो. वेळेवर ओळखला तर नेहमीच्या प्रतिजैविकाने बरा होतो, कोळ्याचा चावा समजून घरी लेप लावीत बसले तर जीव घेतो.

याहून भयंकर शक्यता मण्यार सापाची. मी आरंभी जिवावर बेतण्याविषयी म्हटले ते यासाठी. मण्यार रात्री हिंडते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते, आणि तिचा दंश बहुधा दुखतही नाही. खूण इतकी बारीक असते की ती दिसेलच असे नाही. झोपमोड झालेले मूल ‘काहीतरी चावले’ म्हणते, आई दिवा लावते, कोपऱ्यात कोळी दिसतो, कोळ्यावर आळ येतो, आणि सारे पुन्हा झोपतात. दोन-चार तासांत पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, श्वास अडखळतो. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. पापणी खाली येणे हे कोळ्याचे लक्षण समजून कोणीही वाट पाहू नये. सर्पविषावरचे औषध असलेल्या रुग्णालयात तत्काळ जावे. आपल्या राज्यात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

आठ पायांच्याच प्राण्याला भ्यायचे असेल तर तांबड्या विंचवाला भ्यावे. त्याच्या दंशाने हृदय आणि फुप्फुसे संकटात येतात. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ग्रामीण रुग्णालयात वर्षानुवर्षे रुग्णांच्या उशाशी बसून याचा अभ्यास केला आणि प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाने असंख्य प्राण वाचवले. मांत्रिकाकडे वेळ न दवडता रुग्णालयात पोचलेल्यांनाच त्या औषधाचा लाभ झाला, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. २०१२ साली आसाममधील सदिया भागात कोळ्यांच्या चाव्याने दोन माणसे दगावल्याच्या बातम्या आल्या होत्या. मृत्यू कोळ्याच्या विषानेच झाले हे सिद्ध झाले नाही. त्या रुग्णांच्या जखमा गावठी उपचारात पात्याने चिरल्या होत्या, असे मात्र तेथील डॉक्टरांनी सांगितले होते.

म्हणून काहीही चावले तर काय करावे, हे आपण घरात लिहून ठेवावे. जागा साबणाने धुवावी, थंड पाण्याची पट्टी किंवा कापडात गुंडाळलेला बर्फ ठेवावा. जखम चिरू नये, चोखू नये, आवळून बांधू नये, चुना-तंबाखू लावू नये, डागणी देऊ नये. चावणारा प्राणी समोर असेल तर दुरूनच छायाचित्र घ्यावे. त्याला पकडण्याच्या खटपटीत दुसरा चावा घेऊ नये. साधे दुखणे एका दिवसात उतरणीला लागते. वेदना पसरत गेली, पोटात किंवा पाठीत गोळे आले, दरदरून घाम सुटला, उलट्या झाल्या, ताप चढला, जखम काळी पडू लागली किंवा श्वासाला त्रास झाला तर डॉक्टरांकडे जावे. रात्री, जमिनीवर झोपलेले असताना, काय चावले ते न पाहता चावा बसला असेल, तर लक्षणांची वाट न पाहता जावे. काही निघाले नाही तर आनंदाने परत यावे. त्यात लाज कसली?

राहिला फवारणीचा प्रश्न. कीटकनाशकाने कोळी मरतात, पण त्यांच्या जाळ्यात सापडणारे डास आणि झुरळे पुन्हा आधी वाढतात. औषधाचा दर्प वर्गात रेंगाळतो आणि दम्याच्या मुलांना सोसत नाही. त्यापेक्षा महिन्यातून एकदा जळमटे काढावीत, अडगळ कमी करावी, दारांच्या फटी बुजवाव्यात, बूट झटकून घालावेत, कुंडी उचलताना कडेखाली आधी पाहावे, पलंग भिंतीपासून वीतभर दूर ठेवावा आणि मच्छरदाणी कडा खोचून लावावी. एक मच्छरदाणी डास, पेडेरस, कोळी आणि मण्यार या चौघांपासून राखते. कोळी बाहेर सोडायचा असेल तर त्यावर पेला पालथा ठेवावा, खालून पोस्टकार्ड सरकवावे आणि कुंपणाशी नेऊन सोडावा. आठवीच्या मुली हे आता सराईतपणे करतात.

पालकांनो, मूल कोळ्याला भिते ते बहुधा आपल्याकडे पाहून. आपण किंचाळलो की ते किंचाळते. आपण थांबून पाय मोजले की तेही मोजू लागते. मुलाने निष्काळजी व्हावे, असे माझे म्हणणे नाही. लाल खूण दिसली तर त्याने हात मागे घ्यावा, आणि ती दिसली नाही तर शांत राहावे. हा विवेक पाठ्यपुस्तकातून थोडा मिळतो, घराच्या भिंतीवरून अधिक.

त्या पाहणीनंतर आठवीच्या वर्गाने कोळ्यांची एक नोंदवही सुरू केली आहे. प्रत्येक पानावर चित्र, जागा, तारीख, जाळ्याचा आकार, आणि नाव तीन भाषांत : मराठी, तेलुगू, इंग्रजी. पुष्कळ कोळ्यांना मराठी नावच नाही, तेव्हा मुले स्वतः नावे ठेवतात. हलणाऱ्याला ‘झोकेवाला’, नागमोडी नक्षीच्या कोळ्याला ‘सहीवाला’. भाषा जिवंत ठेवणे म्हणतात ते यापेक्षा फार वेगळे नसावे. ती वही आज ग्रंथालयाच्या टेबलावर ठेवली आहे. माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या गावी परतल्यावर घरातल्या एखाद्या कोळ्याचे छायाचित्र आणि चार ओळींची नोंद शाळेच्या पत्त्यावर पाठवावी, अशी माझी विनंती आहे. जाताना दाराजवळून प्रथमोपचाराचा कागदही घेऊन जावा. तो मुलांनी हाताने लिहिला आहे.